पाताळातली पाच तोंडं

पडदे शिवणाऱ्या धाकट्या सुनेनं कादंबरी लिहिलीय, हे घरच्यांना कळलं ते प्रकाशकाच्या फोनमुळे. तोवर कुणाला गंधवार्ता नव्हती. दुकानात दुपारचा डबा संपला की ती मापांची वही उलटी करून मागच्या पानापासून लिहायची. एकदा चुकून एका खिडकीच्या मापाखाली 'इथे राक्षस रडतो' असं राहून गेलं, तेव्हा म्हाताऱ्या कारागिरानं गंभीरपणे विचारलं होतं, "बाई, हा झालरीवर घ्यायचा का?"

त्या दिवशी घरी फोन ठेवून ती धपकन खाली बसली. "छापणार आहेत! पण नागाला पाच तोंडं फार होतात म्हणे. तीन करा म्हणाले."

"कुठला नाग?" जाऊबाईंनी वही ओढली आणि मोठ्यानं वाचायलाच घेतली.

अमृताचा घडा आणायला एक विणकरीण पाताळात उतरते. घड्याभोवती वेटोळं घालून पाच तोंडांचा नाग बसलेला. एक तोंड सदा भुकेलं, एक बोलता बोलता झोपणारं, एकाला धड ऐकू येत नाही, एक सगळ्यांच्या चुका काढणारं आणि एक 'माझं काही म्हणणं नाही' म्हणत सगळ्यांत जास्त बोलणारं. अंग एकच, त्यामुळे रुसून जायचीही सोय नाही.

जाऊबाई थांबल्या. "अगं, ही शेवटची मी की काय?"

सुनेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"झोपणारा मी," नवरा जांभई देत म्हणाला. थोरल्या दिरांनी हातातली बिस्किटं गुपचूप खाली ठेवली.

"नागाला तोंडं नसतात, फणे असतात," सासरे म्हणाले.

"काय म्हणाले?" सासूबाईंनी विचारलं.

आणि घर जे हसत सुटलं, ते आवरेना. मात्र हसू ओसरलं तसा खरा प्रश्न उभा राहिला. पाचांतल्या कुठल्या दोघांना उडवायचं?

"माझं काही म्हणणं नाही," जाऊबाई पदर खोचत म्हणाल्या, "पण मला काढलंत तर गाठ माझ्याशी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं घर प्रकाशकाच्या दारात. खोली एवढीशी, खुर्च्या तीन. पाचही जण एकदम बोलायला लागले. सासऱ्यांनी पाटीवरची वेलांटी चुकलीय हे दाखवून दिलं, सासूबाईंना प्रकाशक दंतवैद्य वाटला, दिरांनी त्याचा डबा कुठल्या कपाटात आहे ते वासावरून ओळखलं. नवरा बोलता बोलता पुस्तकांच्या थप्पीला टेकून पेंगला, तो थप्पीसकट आडवा झाला.

प्रकाशक एकेका तोंडाकडे बघत राहिला. मग चष्मा काढून डोळे पुसत हसायला लागला. "पाचच राहू द्या बाई! एकही कमी करू नका. पण ती विणकरीण यांच्या तावडीतून सुटते कधी?"

"सुटतेय कुठली," सून म्हणाली. "भांडण सोडवत बसलीय."

त्या दुपारी दुकानात तिनं मशीन असं काही पळवलं की बघत राहावं. गुणगुणत, पाय नाचवत एक अख्खा पडदा तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवून काढला. कारागिरानं तो उचलून उजेडात धरला, उलटसुलट पाहिला आणि हळूच म्हणाला, "बाई, सुईत दोराच नाही."

तिला हसून हसून उचकी लागली.