सागाच्या भुश्यातला बर्फ

सागाच्या ओल्या भुश्याचा वास आला, की मला माझी नणंद आठवते; कारण उष्णतेशी इतकं जातिवंत वैर धरणारं दुसरं माणूस उभ्या गडचिरोली जिल्ह्यात निपजलेलं नाही. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, तळ्यातली मासळी चामोर्शीच्या आठवडी बाजारात विकत आणि मोठ्या पेटीत, आरा मशीनवरून आणलेल्या भुश्यात बर्फ जपत. त्या पेटीशेजारी वाढलेली ही मुलगी परदेशातल्या प्रयोगशाळेत गेली, आणि तिथंही तिच्या वाट्याला थंड पेटीच आली.

तिचं काम तिनं मला तांदूळ निवडता निवडता समजावलं होतं. प्रचंड वेगानं धावणाऱ्या सूक्ष्म कणांच्या वाटेत सिलिकॉनच्या नखाएवढ्या पातळ चकत्या ठेवतात. या चकत्या कणांचा माग टिपतात, आणि टिपता टिपता त्यांचाच मार खाऊन आतून जायबंदी होतात. अशा जखमी चकत्या गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली ठेवाव्या लागतात. थोडी ऊब त्यांना सावरते, फार ऊब पुन्हा बिघडवते. म्हणून कोणती चकती किती वेळ बाहेर होती, याची नोंद हाच तिचा धर्म. सुटीत घरी आली तरी तो सुटत नसे. मे महिन्यात ती स्वतःचा मोबाइल फ्रिजमध्ये ठेवी, ताकाच्या मडक्यात तापमापक सोडी, आणि माझ्या मुलीच्या बारशाला माहेरच्या पंगतीसमोर तिनं गंभीरपणे जाहीर केलं, "हा आमरस सव्वा तासापासून बाहेर आहे. मंग म्हणसान, सांगतलं नाई." माझ्या आईनं उचललेली वाटी खाली ठेवली.

अशाच एका सुटीत तिच्या सहकाऱ्याचा फोन आला. शीतपेटीचं दार नीट लागलं नव्हतं. दोन वर्षं मार खाऊन तयार झालेल्या निम्म्या चकत्या उबेत पडून राहिल्या होत्या. पुढच्याच महिन्यात देशोदेशींच्या शास्त्रज्ञांसमोर तिला निष्कर्ष मांडायचे होते. सहकारी म्हणत होता, पुन्हा थंडीत ठेवू, कोणाला कळणार आहे? आमरसाचा हिशेब चारचौघांत सांगणारी माझी नणंद "मागाहून सांगते" म्हणाली आणि फोन ठेवून अंगणात आली.

सासरे तिथं बर्फ फोडत होते. त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं. त्यांना कळलं ते एवढंच, की काहीतरी बर्फाबाहेर राहिलं.

"मंग येगळ्या टोपल्यात ठेव, बाई. अन् किती येळ राह्यलं, थे गिऱ्हाइकाले आधी सांग."

"बाबा, माहे दोन वर्षं गेले त्याच्यात."

"मासोळी माही बी जाते," ते बर्फावर भुसा पसरत म्हणाले. "पर पुढच्या बाजारी टोपलं त्याच गिऱ्हाइकापुढं न्या लागते."

तिनं तेव्हाच परत फोन लावला. सहकाऱ्याला उबेतले तास मोजायला लावले, त्या चकत्या वेगळ्या ठेववल्या. सभेत उभं राहून आधी ते तास सांगितले, मग बाकीचं. निम्मे निष्कर्ष बाद झाले, काम वर्षभर लांबलं. पण उरलेल्या आकड्यांवर कोणी बोट ठेवलं नाही, आणि वेगळ्या टोपलीतल्या चकत्यांकडून उबेनं होणारी हानी मोजता आली. ही शिस्त कुठं शिकलीस, असं एका वयोवृद्ध शास्त्रज्ञानं विचारलं, तेव्हा तिनं चामोर्शीचा बाजार सांगितला. फोनवर हे ऐकवताना तिचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता. चुलीपुढं ताठ मानेनं उभी होते ती मी.

सासरे यंदापासून बाजारात बसत नाहीत. पेटी अंगणात रिकामी आहे. तळाशी भुसा अजून आहे, पाऊस शिंपडला की दरवळतो. जागा अडते, भंगारात देऊन टाकू का, असं मी परवा नणंदेला विचारलं. पलीकडे तिच्या शीतपेटीची संथ घरघर ऐकू येत होती. ती म्हणाली, "पेटी ठेवा."