विषाणूंची भावकी

विट्याकडच्या एका गावात मी जनावरांची डॉक्टर होते. त्या साली गुरांमध्ये लंपी या त्वचारोगाची साथ आली आणि गावात गाईंपेक्षा शहाणे जास्त आहेत हे मला कळलं. पहिल्या क्रमांकाचे शहाणे म्हणजे उपसरपंच. अर्धं आयुष्य परराज्यात सोनं गाळण्याचं दुकान चालवून परतलेले. बोटांत चार अंगठ्या, गोठ्यात शर्यतीचे खिलार बैल, आणि जगातली कुठलीही वस्तू पारखून देण्याची तयारी. गुरांची ने-आण बंद असताना त्यांनी नवा बैल टेंपोवर ताडपत्री टाकून आणला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्याच गल्लीतल्या गाईंच्या अंगावर गाठी उठल्या, पण ताडपत्रीबद्दल सगळ्यांनी मूग गिळले. मीही गिळले.

लसीकरण सुरू झालं तेव्हा कुणीतरी बाटलीवरचं वाचलं. लस शेळ्यांच्या देवीची होती. गाईला शेळीची लस कशी, म्हणून कुजबुज सुरू झाली. मी सांगलीत वाढलेली, त्यात शिकताना विषाणूंचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्यांच्या जनुकांचं वाचन केलेली. असा प्रश्न आला की माझी जीभ आवरत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मी विषाणूंच्या वंशावळीचं झाड काढलं. शेळ्यांची देवी, मेंढ्यांची देवी आणि लंपी, तिघांचे विषाणू एकाच फांदीवरचे भाऊबंद. त्यांचा जनुकीय मजकूर अक्षर न् अक्षर जुळवत गेलं तर फरक फार थोडा निघतो, म्हणून एकाची लस दुसऱ्याला चालते. इतकं सोपं करून सांगितलं म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

उपसरपंच फळ्याकडे बघत म्हणाले, "म्हंजी भावकीच की ही! मग मॅडम, भावकीत एका घरी सुतक आलं तर समद्यांस्नी पाळाय लागतंय. मेंढरं शिवाराभाईर काढा."

सभेने माना डोलावल्या. विषाणूंना सुतक लावणारं गाव पृथ्वीवर दुसरं नसेल, आणि त्यांना फळा-खडू पुरवणारी मी.

ओढ्याच्या कडेला तेव्हा माण तालुक्यातलं एक धनगर जोडपं मेंढ्या घेऊन उतरलं होतं. दरवर्षी यायचं. काढणी झालेल्या रानात मेंढ्या बसवल्या की लेंडीखत फुकट मिळतं, म्हणून एरवी याच लोकांची त्यांच्यासाठी ओढाओढ चालायची. यंदा त्यांच्या काही कोकरांच्या ओठांवर खपल्या होत्या. तेवढं पुरलं.

धनगरीण एक कोकरू काखेत घेऊन सभेत आली. उंच, सडसडीत बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिने कोकरू सरळ माझ्या टेबलावर ठेवलं. "ह्यो तोंडाचा मावा हाय. दरसाली येतोय. थोड्या दिसांत खपली पडती. तुमी डाक्तर हाय, तुमीच सांगा ह्यास्नी."

मी कोकराचा ओठ उलटून पाहिला.

"नुसतं बघून काय कळतंय?" उपसरपंच म्हणाले. "आमी कस लावल्याबिगर सोन्याला सोनं म्हणत न्हाई. तपासा की."

"नमुना पाठवते," मी म्हणाले. "रिपोर्ट येऊ दे."

रिपोर्ट येईपर्यंत मेंढ्या गावच्या हद्दीबाहेर, असं ठरलं. तळ्याचं पाणी बंद, बोअरचंही बंद. जोडपं दुसऱ्या दिवशी आल्या वाटेने माणकडे निघालं. उन्हाळा लागला होता. मी इकडे कोकरांच्या आणि गाईंच्या खपल्यांच्या कुप्यांवर नीट अक्षरात लेबलं लावत होते.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. त्यातलं झाड माझ्या झाडापेक्षा कितीतरी देखणं होतं. गाईंचा विषाणू लंपीच्या फांदीवर. कोकरांचा पार दुसऱ्या टोकाला, माव्याचा. आडनाव एक, पण लग्नाची पत्रिकासुद्धा जाणार नाही इतकं लांबचं नातं. मी सभेत तो कागद झेंड्यासारखा फडकवला. उपसरपंचांनी एकच विचारलं, गाईंचा रोग कुणाच्या जनावरातनं आला ते यात आहे का? नव्हतं. लंपीचा विषाणू इतका सावकाश बदलतो की या गोठ्यातला आणि त्या गोठ्यातला जवळपास सारखाच दिसतो. ताडपत्रीखालचं तो सांगत नाही.

"मग झालं तर," ते अंगठ्या फिरवत म्हणाले. "बलवा त्या मेंढरास्नी. पयली माज्या रानात बसवा, खताचं लय नडलंय."

लाज नावाची वस्तू त्यांनी दुकानाबरोबर तिकडेच विकली असावी.

मी मात्र ताठ मानेने कागद घेऊन माणमध्ये गेले. जोडपं दहिवडीच्या अलीकडे एका उघड्या माळावर सापडलं. कळप लहान दिसत होता. मी आधी कागदच उघडला, फांद्या दाखवल्या, तुम्ही निर्दोष आहात असं काहीतरी मोठ्याने म्हणाले. नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करून मेंढ्यांमागे गेला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सांगितलं, नऊ कोकरं वाटेत गेली. माव्याने कोकरं मरत नाहीत. पण तोंड दुखरं, चाल मोठी, आणि आईला पाणी नाही तर दूध कुठलं?

"ह्या कागदावर मावाच लिवलाय न्हवं?" तिने विचारलं.

"हो."

"मग त्या दिशी तुमी ओठ उलटून बघितला, तवा कळलं न्हवतं व्हय तुमास्नी?"

कळलं होतं. ओठ उलटायच्या आधीच कळलं होतं. जनावरांच्या कॉलेजातल्या कुठल्याही मुलाला कळलं असतं. पण समोर अंगठ्यावाले बसले होते, मला त्या गावात नोकरी करायची होती, आणि खरं म्हणजे मला सिक्वेन्सिंग करून बघायचं होतं. आजवर मी ज्यांना ज्यांना नावं ठेवली त्या सगळ्यांपेक्षा त्या क्षणी मला माझी जास्त किळस आली.

"कळलं होतं," मी म्हणाले.

"मग बोलायचं हुतं की, बाई," ती म्हणाली, आणि कागद घडी करून माझ्या हातात परत दिला.