लायनर बदलतं, पाय बदलत नाही

कॉलेजात मी व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत शिकवतो. कुणी बालपणाकडे बोट दाखवतो, कुणी परिस्थितीकडे. आळेफाट्यावरचा माझा मेकॅनिक फक्त ब्रेकचं लायनर बघतो. झिजलेलं लायनर उजेडात धरून, एक डोळा मिटून तो अख्खा माणूस सांगतो. माझं पाहून म्हणाला होता, "सर, रस्ता मोकळा असला तरी तुमचा पाय ब्रेकवरच. लई भिता राव. लायनर बदलतं, पाय बदलत न्हाई." झोंबलं, कारण खरं होतं.

परवा निरगुडसरचे एक गृहस्थ आले. मुलीची सोयरीक ठरत होती आणि नवऱ्या मुलाची मोटारसायकल इथेच दुरुस्तीला येते.

"पोरगा कसा हाय, भाऊ?"

त्या मुलाचं लायनर त्यानं नुकतंच माझ्यादेखत काढलं होतं, पार लोखंडापर्यंत झिजलेलं. मेकॅनिक बराच वेळ बोटं पुसत राहिला.

"जोरात हाकतो. ब्रेक पार शेवटाला मारतो. पण सुधरंल."

ते गेल्यावर मी विचारलं, "पाय बदलत नाही म्हणत होता ना?"

"ते आपल्या वयाचं, सर," तो म्हणाला आणि माझ्या गाडीचं चाक खोलायला बसला.