डॉक्टरला ‘येस सर’ म्हणालो तेव्हा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय — काहून, ते मलाच नीट ठाऊक नाही.

आमच्या घरात बी.ए. झालेला पहिला मी. गावात, कुरुंद्यात, माझे वडील — आबा — माझी ओळखच तशी करून द्यायचे, अन् मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू? धाकटी बहीण मीरा पोलीस भरतीसाठी पळायची. एकदा पळता पळता छातीत दुखलं, चक्कर आली. नांदेडला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. तपासण्या झाल्या अन् आबा मीराला घेऊन केबिनच्या दाराशीच थांबले. “तूच जाय आत. आमाला काय कळतंय?”

डॉक्टर अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी बोलत होते. हृदयाला रक्त पुरवणारी नस... जन्मापासून... फार कमी लोकांत... अजून एक तपासणी. मधलं सगळं डोक्यावरून गेलं. समजलं ना, असं त्यांनी विचारलं. परत सांगा म्हणायला काय लागत होतं? पण बी.ए. ना मी — “येस सर” म्हणालो.

बाहेर दोघं माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हणालो, अशक्तपणा आहे, चांगलं खाऊ घाला. मीरानं विचारलं, “मग पळू का दादा?”

“पळ की.”

ती पळाली. शाळेच्या मैदानावर पडली, श्वास थांबला. तिथले सर तिची छाती दाबत राहिले म्हणून वाचली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं — तिची ती नस जन्मतःच भलत्या जागेहून निघते, दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून जाते अन् पळताना चेंगरते. ऑपरेशन झालं. वर्दी राहून गेली, पण मीरा ठणठणीत आहे. हळद काढताना माझ्याआधी सरी संपवते अन् वरून चिडवते, “काय दादा, अशक्तपणा आला का?” सगळे हसतात. मीही हसतो.

आबा अजून पहिल्या डॉक्टरला शिव्या घालतात. मी मान हलवत आलो. त्या माणसानं सगळं बरोबर सांगितलं होतं — हे फक्त मला माहीत.

आता आबांनाच चढ चढताना धाप लागते. नांदेडात हृदयाचा मोठा डॉक्टर तोच, म्हणून त्या पहिल्या डॉक्टरचं नाव मीरानंच काढलं, तर आबा म्हणाले, “त्याच्या दारात न्हाई जायचो मी. त्यानंच आपलं लेकरू मारलं असतं.”

त्यानं?

उद्या सकाळी चहाला बसलो की सांगणार आहे, मीरासमोर. मग आबांना घेऊन त्याच डॉक्टरकडं जाऊ. शिव्या थांबणार नाहीत. पण बराबर ठिकाणी पडतील.