झील धरणाऱ्या आजी

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो हायडेलबर्गला माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या आजींचा. गप्प बसलेल्या माणसाचा इतका राग येणारी बाई सबंध जर्मनीत दुसरी सापडणार नाही, आणि राहायला त्यांनी निवडला तो नेमका हाच देश! गावच्या वोडुन धर्माच्या देवस्थानातली गाणी गिटार-ट्रम्पेट घेऊन रंगमंचावर नेणारी त्यांच्याकडची ही पहिली बाई. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, हा त्यांच्या गाण्याचा नियम. आजींनी तो साऱ्या जगाला लावला होता. व्हिसाच्या कचेरीत त्यांनी "माझा नंबर सत्तेचाळीस!" असं चक्क सुरात म्हटलं आणि काचेपलीकडचा कारकून "या, या", म्हणजे "हो, हो", म्हणेपर्यंत त्या खुर्चीवर टेकल्या नाहीत. कॉफीचा पहिला घोट पूर्वजांसाठी जमिनीवर. माझ्या खोलीत गालिचा होता, तरीही! मी कळवळलो, तर म्हणाल्या, "पूर्वजांनी काय तुझा गालिचा बघून तहान आवरायची?"

माझे वडील गोंधळात झील धरायचे, म्हणजे मुख्य गायकाच्या मागे उभे राहून त्याची ओळ उचलायचे, हे मी सांगितलं तेव्हा आजींनी टाळ्याच पिटल्या. "मग तू घरचाच की रे! आणि तरी बोलताना आवाज कुठे जातो तुझा?"

तीच तर अडचण होती. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्राध्यापक समोर आले की आवाज पोटात जायचा. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या तालमीत मी तिसऱ्याच स्लाइडला गप्प झालो होतो, आणि खरी परीक्षा आठवड्यावर आली होती. आजींनी मला स्वयंपाकघरात उभं केलं. मी प्रबंधातलं वाक्य म्हणायचो, "बॅटरी आतून तापते." त्या भेंडी चिरता चिरता गरजायच्या, "एऽऽ!" सात दिवस बॅटरी तापली, सात दिवस भेंडी झाली.

ती परीक्षा बघायला कुणीही येऊ शकतं. आजी निळा फेटा बांधून शेवटच्या रांगेत बसल्या. तिसरी स्लाइड आली आणि माझा आवाज बुडाला. तोच मागून, "एऽऽ!"

प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, प्रश्न शेवटी विचारा."

"प्रश्न कोण विचारतंय? मी त्याला धरून ठेवलंय!"

माझं पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडलं. "एऽऽ!" त्याच्या पुढचंही. आणि काय सांगू, दहाव्या स्लाइडला आमचे प्राध्यापकच मोठ्यानं "गेनाऊ!", म्हणजे "अगदी बरोबर!", म्हणून गेले! आजींनी मागून, शिष्य तयार झाल्यासारखी, मान डोलावली. मी पास झालो.

आता आजी टोगोला परतल्यात, मुलींना देवाची गाणी शिकवायला. परवा त्यांना पत्र पाठवलं:

"आजी, इंगोलश्टाटला नोकरी चांगली आहे. मीटिंगमध्ये मी बोलतो, सगळे शांतपणे ऐकतात. फार शांत असतं हो इथे. काल एक नवी मुलगी बोलता बोलता अडखळली आणि माझ्या तोंडून 'एऽऽ!' निघून गेलं. सगळे वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आजी, ती पुढे बोलली."