मंगळूची फिरती ग्रामसभा

त्र्यंबकेश्वरच्या पलीकडच्या एका डोंगरी गावात मंगळू ग्रामपंचायतीचा शिपाई होता. ग्रामसभेनं हो म्हटल्याशिवाय गावच्या डोंगरातला दगडही हलत नाही, हे तो अभिमानानं सांगायचा. त्याहून मोठा अभिमान म्हणजे, एकवीस वर्षांत माणसं कमी पडली म्हणून एकही सभा त्यानं रद्द होऊ दिली नव्हती.

आता माणसं भातलावणीत, नाही तर दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला. सभेला बसणार कोण? मग हा पठ्ठ्या वही आणि शाईचा पॅड पिशवीत घालून बांधाबांधावर फिरायचा. "तुम्ही कशाला येता? सभाच घेऊन आलोय," म्हणत अंगठे घ्यायचा. पानाचा वरचा भाग कोरा असे. त्यात ठराव ग्रामसेवक, म्हणजे भाऊसाहेब, नंतर लिहीत. कुणाचा रोज बुडत नाही, यातच मंगळू खूश.

माघातल्या एका सकाळी त्याची बायको नवसाबाई रिकामी कळशी घेऊन परतली. देवराईतल्या झऱ्याभोवती तारेचं कुंपण पडलं होतं आणि फाटकाला कुलूप होतं. साऱ्या गावाचं पिण्याचं पाणी तेवढं एकच.

मंगळू तावातावानं तिथे गेला, मागोमाग कळशी घेऊनच नवसाबाई. कुंपण घालणाऱ्या मजुरांच्या मुकादमानं कागद पुढे केला. ग्रामसभेचा ठराव होता: झरा आणि भोवतालची जागा तीस वर्षांसाठी रिसॉर्टला देण्यास मंजुरी. खाली एकशे अठरा सह्या-अंगठे. पहिली सही मंगळूची.

मंगळूनं भाऊसाहेबांना शिव्या घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर अंगठ्यांवर गेली. पान ओळखीचं होतं. तिसरा अंगठा फिकट उमटला होता. नवसाबाई तेव्हा नागलीच्या भाकरी थापत होती आणि त्यानं घाईघाईत तिच्या ओल्या हाताचाच अंगठा घेतला होता. गाव लुटायला दार आपणच उघडून दिलं, हे त्याला पटता पटत नव्हतं.

"ह्यो माझाच नं?" नवसाबाईनं अंगठ्यावर बोट ठेवलं.

"हां."

"मंग सभेत मी काय बोलले ते वाच."

मंगळूनं कसंबसं वाचलं, "उपस्थित सर्वांनी चर्चेअंती हात वर करून एकमताने संमती दिली."

नवसाबाईनं कळशी खाली ठेवली.

"मी ‘नाय’ म्हणले असते," ती म्हणाली. "तू इचारलंच नाय."