अर्धं गाऱ्हाणं

आमच्या लालबागच्या चाळीतून कुणीही कुठेही निघालं, की जिन्याशी तात्या आडवे यायचे. हातात नारळ, डोळे मिटलेले. "बा देवा म्हाराजा..." असं देवाला साकडं घालणारं त्यांचं मालवणी गाऱ्हाणं सुरू व्हायचं आणि भोवतालच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणेपर्यंत पाऊल उचलायची सोय नसे. मग ती माहेरी निघालेली सून असो, नाहीतर मुंबईसह महाराष्ट्र मागायला निघालेला मोर्चा. पुढाऱ्यालाही त्यांनी एकदा अडवलं होतं, "घोषणा मागसून. आधी देवाक सांगूया."

यामागे एक अपघात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तात्या ब्रह्मदेशाकडच्या एका आडरानातल्या तळ्यावर खलाशी होते. तिथे पाण्यावरून उडणारं विमान असायचं. चाकांच्या जागी दोन अरुंद होड्या बसवलेलं. कोकणात नवी होडी गाऱ्हाण्याशिवाय पाण्यात जात नाही. म्हणून नवं विमान आलं तेव्हा तात्या नारळ घेऊन त्याच्या डाव्या होडीवर चढले. वैमानिकाला ते दिसलेच नाहीत. त्याने इंजिन चालू केलं. विमान वेग घेता घेता डावीकडे कललं, पंख पाण्यात घुसला आणि सगळंच उलटं झालं. दोघेही पोहत काठाला लागले. तात्यांच्या हातातला नारळ शाबूत होता.

"तुमच्या वजनानेच कललं असेल ना, तात्या?" मी एकदा भीत भीत विचारलं.

"वजनाचो काय संबंध? कॉलेजात ह्याच शिकवतत काय? गाऱ्हाणा अर्धा रवला, म्हणान इमान उलाटला. अर्ध्या गाऱ्हाण्यार कोण खंय पोचणा नाय, झिला."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. पण वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज पुढच्या बाकापलीकडे जायचा नाही. गाऱ्हाण्यात मी नुसता पुटपुटलो, की तात्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. माझ्या एका आवाजापायी अख्खा मोर्चा उन्हात ताटकळलेला मला आठवतो.

मुंबईसह महाराष्ट्र झाला, तात्यांची गिरणीतली नोकरीही संपली आणि ते कायमचे मालवणला निघाले. भाऊच्या धक्क्यावर, बोटीत चढायच्या फळीपाशी, त्यांनी नारळ माझ्या हातात ठेवला. स्वतःच्या प्रवासाचं गाऱ्हाणं स्वतः घालायचं नाही, असा त्यांचा नियम.

"तात्या, मला नाही जमणार. मी घाटावरचा, मला मालवणी कुठे..."

"देवाक घाटी कळता. बोल."

भोंगा वाजला. खलाशी फळी काढायला आले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ म्हातारबा, चढा, नाहीतर राहाल इथेच!" तात्या हलेनात. मला वाटलं, चेष्टा चालली आहे. पण ते फळीखालच्या पाण्याकडे एकटक बघत होते. ते खरंच घाबरले होते.

मी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा," मी ओरडलो, "आमचे तात्या घरी निघालेत. त्यांना सुखरूप पोचव. बोट डावीकडे कलू देऊ नको..."

"आणि उजवीकडे रे?" तात्या हळूच म्हणाले.

"उजवीकडेही नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा धक्का गरजला, फळी धरलेल्या खलाशांसकट.

तात्या चढले. बोटीवरचे बाकीचे उतारू कठड्याकडे धावले, रुमाल हलवू लागले. तात्या मात्र धक्का दिसेनासा होईपर्यंत डेकच्या बरोबर मधोमध उभे राहिले.